बेसमेंट फिनिश करण्याआधी भिंतीतली ओल समजून घ्या

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबात वर्षा-दोन वर्षांत एक बेत हमखास शिजतो: बेसमेंट फिनिश करून घ्यायचं. मुलांना खेळायला जागा होते, मोठा टीव्ही लावता येतो, आणि मुख्य म्हणजे आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले की त्यांना स्वतंत्र खोली मिळते. कॉन्ट्रॅक्टर येतो, मापं घेतो, फरशीचे नमुने दाखवतो आणि बघता बघता काँक्रीटची करडी भिंत पांढऱ्याशुभ्र ड्रायवॉलमागे, म्हणजे कागद चढवलेल्या जिप्समच्या फळ्यांमागे, गडप होते. पुढे ती परत दिसते ती बहुतेक वेळा कुबट वासाचा माग काढत कुणी ड्रायवॉल फोडायला घेतो तेव्हा.

हा लेख ती भिंत झाकली जाण्याआधीच्या काळाबद्दल आहे. काम अवघड नाही, मात्र क्रम चुकला की सगळा खर्च पाण्यात जातो. ओल कुठून येते ते आधी शोधायचं, बाहेरचं पाणी बाहेरच वळवायचं, आणि त्यानंतरच भिंत बांधायला घ्यायची. माझं ठाम मत असं आहे की नव्या घेतलेल्या घरातली बेसमेंटची भिंत झाकण्याआधी तिला एक पूर्ण वर्ष उघडं ठेवावं. का ते पुढे येईलच.

भिंत नव्हे, मातीला घातलेला बांध

थंड मुलखात घराचा पाया उथळ ठेवता येत नाही. मातीतलं पाणी गोठलं की फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं. म्हणून हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. शिकागोच्या भागात ही खोली ४२ इंच धरतात, टोरांटोकडे सुमारे चार फूट. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून घराखाली अख्खा मजला मिळवावा, असा हा हिशेब आहे. टेक्सास-फ्लोरिडातल्या घरांना बेसमेंट सहसा नसतं याचं एक कारण हेच.

म्हणजे या भिंतीच्या पाठीशी सात-आठ फूट माती असते. ती माती बहुतेक काळ ओलसर असते आणि खोलवर ती वर्षभर साधारण दहा-बारा अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. भिंत एका बाजूने ओली आणि थंड, तर दुसऱ्या बाजूला माणसांची उबदार खोली. बेसमेंटमधल्या ओलीची सगळी भानगड या एका वाक्यात आहे.

ओल चार वाटांनी येते

पहिली वाट वाहत्या पाण्याची. पाऊस पडतो, बर्फ वितळतो, ते पाणी पायाशी मुरतं आणि भिंतीतल्या तड्यातून, पाइप जिथे भिंतीतून आत येतो त्या फटीतून, किंवा भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून आत येतं. जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढत जातो. भिंतीमागे एक मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला एक टनाचा रेटा बसतो. एवढ्या रेट्यापुढे आतून लावलेला रंग टिकत नाही, मग डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असो वा नसो.

दुसरी वाट केशाकर्षणाची. काँक्रीट डोळ्यांना कितीही घट्ट दिसलं तरी त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं असतं आणि ते ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतं. गावाकडच्या जुन्या घरात जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल चढते, रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला पांढरा खार फुटतो, तो प्रकार हाच. फरक एवढाच की इथे अख्खी भिंतच जोत्याच्या खाली असते.

तिसरी वाट वाफेची. पाणी थेंबाच्या रूपात आत आलं नाही तरी ओलसर काँक्रीटमधून वाफ सतत खोलीकडे येत राहते. नव्या घरात तर काँक्रीट ओततानाच त्यात मिसळलेलं पाणी बाहेर पडायला पहिली एक-दोन वर्षं जातात. म्हणून कोऱ्या घराचं बेसमेंट ताबा मिळाल्या मिळाल्या फिनिश करायला घेणं मला घाईचं वाटतं.

चौथी वाट मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि आपल्या मराठी घरांत नेमकी तीच जास्त त्रास देते. ही ओल भिंतीतून येतच नाही, हवेतून येते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून जसा घाम फुटतो तसा दमट हवेत थंड भिंतीला फुटतो. शाळेत शिकलेलं दवबिंदू तापमान, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की पाणी सोडू लागते ते, इथे कामाला येतं. जुलैतल्या न्यू जर्सीतल्या दुपारी बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचं दवबिंदू तापमान सुमारे २४ अंश असतं. त्याच वेळी बेसमेंटच्या भिंतीचा खालचा भाग १६ ते १८ अंशांवर असू शकतो. ती हवा आत आली की भिंत ओली होणारच. त्यासाठी पावसाचा एक थेंबही लागत नाही.

आता आई-बाबा येतात कधी? मे ते ऑक्टोबर. थंडी नको म्हणून नेमके ते महिने, जेव्हा बेसमेंट सर्वांत दमट असतं. आईला खाली उतरल्याबरोबर कुबट वास येतो आणि ती म्हणते, “अगं, खिडक्या उघड जरा, हवा खेळू दे.” पुण्यात, नाशकात हे अगदी बरोबर आहे. तिथे भिंती बाहेरच्या हवेइतक्याच उबदार असतात, वारा लागला की सुकतात. इथे जुलैत खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर येऊन पाणी सोडते आणि वास आणखी वाढतो. उन्हाळ्यात बेसमेंटच्या खिडक्या बंद ठेवा, हे आईला जरा समजावून सांगावं लागतं.

वरच्या मजल्याचा एसी सुरू असल्याने बेसमेंट गार पडतं, त्यामुळे ते कोरडंही झालं असेल असा समज असतो. तेही खरं नाही. हवेतली वाफ तेवढीच राहिली आणि हवा नुसतीच गार झाली तर सापेक्ष आर्द्रता वाढते. अशा वेळी हवेतलं पाणी ओढून घेणारा डीह्युमिडिफायरच लागतो.

कुठली ओल आहे हे कसं ओळखायचं

भिंत नीट वाचता आली तर निम्मं निदान टॉर्चच्या उजेडात होतं. तड्याखाली ओघळाचा डाग असेल, किंवा भिंत-फरशीच्या सांध्यालगत पावसानंतर ओली रेघ उमटत असेल, तर ते वाहतं पाणी. पांढरी पूड दिसली तर समजायचं की पाणी काँक्रीटमधून आत येऊन पृष्ठभागावर सुकतंय आणि वाटेत विरघळलेले क्षार मागे ठेवतंय. ही पूड बुरशी नव्हे; हातावर चोळली की मिठासारखी खरखरीत लागते, पाण्याचा थेंब टाकला की सहसा विरघळते किंवा बसते. बुरशी मऊ, केसाळ आणि बहुतेक वेळा काळपट-हिरवट असते, आणि ती काँक्रीटपेक्षा त्यावरची धूळ, पुठ्ठा, लाकूड यांवर वाढते. पुठ्ठ्याची खोकी वर्षभर भिंतीला टेकवून ठेवली असतील तर ती उचलून मागची बाजू बघा. भिंतीपेक्षा तीच जास्त माहिती देते.

नुसतीच ओलसर, गडद दिसणारी भिंत असेल तर एक सोपी चाचणी आहे. फूट-दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन घ्या, भिंतीचा तो भाग आधी कोरडा करा आणि चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ओल हवेतून येते आहे. चौकोन काढल्यावर मागची बाजू आणि त्याखालचं काँक्रीट ओलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. दोन्ही बाजू ओल्या असणंही अगदी शक्य आहे. एका जागी करून थांबू नका. वर, खाली, कोपऱ्यात, आणि बाहेरून पन्हळीचा पाइप जिथे उतरतो त्याच्या मागे, असे चार-पाच चौकोन लावा.

पण या चाचणीवर प्रमाणाबाहेर भरवसा ठेवू नका. ऑक्टोबरच्या कोरड्या आठवड्यात ती कोरडीच येणार. कॉन्ट्रॅक्टरने तेवढ्यावर “भिंत ड्राय आहे” असं प्रमाणपत्र दिलं तर ते त्या आठवड्यापुरतं खरं. मार्चमध्ये गोठलेल्या जमिनीवर बर्फ वितळतो, पाण्याला खाली मुरायला वाव नसतो आणि ते घराच्या दिशेने सरकतं. एप्रिल-मेमध्ये मातीतली पाण्याची पातळी वर असते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली ओल चरम सीमेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानगळीने पन्हळी तुंबतात आणि पाणी थेट पायाशी कोसळतं. जानेवारीत भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडावर दव गोठलेलं सापडतं. प्रत्येक महिन्यातली ओल वेगळी, म्हणून मी वर्षभर थांबायला सांगते. या काळात प्रत्येक मोठ्या पावसानंतर खाली एक फेरी मारायची आणि भिंतीवर ओल जिथवर आली तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची. वर्षअखेर ती भिंत म्हणजे तुमच्या घराचा लेखी अहवाल होतो.

आधी घराबाहेर जा

बेसमेंटमध्ये पाणी आलं की लोक बेसमेंटमधल्या कामासाठी कंपनीला फोन करतात. माणूस येतो, फरशी कडेने फोडून आत पाइप घालायचा आणि पंप बसवायचा अंदाज देतो, आणि आकडा काही हजार डॉलरांच्या घरात जातो. त्या कामाची गरज कधी कधी खरंच असते. पण आधी छत्री घेऊन भर पावसात घराभोवती एक चक्कर मारा. निम्म्याहून जास्त उत्तर तिथे दिसेल असं मी अनुभवाने म्हणेन.

छताचा हिशेब बघा. दीड हजार चौरस फुटांच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साडेतीन हजार लिटर पाणी जमा होतं. हे सगळं पन्हळीतून चार कोपऱ्यांतल्या चार डाउनस्पाउटमध्ये उतरतं, म्हणजे एकेका कोपऱ्यात जवळजवळ नऊशे लिटर. तो पाइप भिंतीपासून फूटभर अंतरावर संपत असेल तर तुम्ही स्वतःच्या पायाला पाणी पाजताय. दहा-वीस डॉलरांचा प्लास्टिकचा जोड लावून ते पाणी निदान सहा फूट, जमलं तर दहा फूट दूर सोडा. गवत कापताना अडचण होते म्हणून हा जोड काढून ठेवतात आणि परत लावायचा राहतो. हे नेहमीचं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मग जमिनीचा उतार. घर बांधताना पायाभोवतीचा खड्डा परत मातीने भरतात आणि ती माती पुढची काही वर्षं दबत जाते. सुरुवातीला घरापासून दूर जाणारा उतार हळूहळू घराकडे वळतो. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या नमुना कोडनुसार पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरायला हवी. लांब फळी आणि लेव्हल घेऊन हे कोणालाही मोजता येतं. कमी असेल तर चिकणमातीचं प्रमाण जास्त असलेली माती आणून घट्ट ठोकून उतार करा. शोभेच्या गोल गोट्यांची किंवा लाकडाच्या भुग्याची रास ओतू नका, कारण त्यातून पाणी सरळ खाली जातं आणि मूळ चुकीचा उतार तसाच राहतो. मातीची वरची पातळी भिंतीच्या लाकडी भागापासून काही इंच खाली राहील हेही पाहा, नाहीतर ओल गेली आणि वाळवी आली असं व्हायचं.

खिडक्यांभोवतीचे अर्धगोल खड्डे हे तिसरं ठिकाण. त्यांच्या तळाशी खडी आणि निचऱ्याचा पाइप असायला हवा. पाचोळ्याने तो बुजला की खड्ड्याची टाकी होते आणि पाणी खिडकीच्या चौकटीतून आत येतं. बेसमेंटमध्ये झोपायची खोली करणार असाल तर बाहेर पडता येईल एवढी मोठी खिडकी कायद्याने लागते, म्हणजे खड्डाही मोठा होणार. त्याचा निचरा आधीच आखून घ्या.

एवढं केल्यावर एक-दोन मोठे पाऊस जाऊ द्या. ओल थांबली तर पुढचं महागडं काम वाचलं.

तरीही पाणी येत असेल तर

बऱ्याच घरांत पायाच्या बाहेरून, तळाशी, छिद्रं असलेला पाइप खडीत पुरलेला असतो आणि तो पाणी गोळा करून सम्पमध्ये, म्हणजे फरशीतल्या ज्या खड्ड्यातून पंप ते बाहेर फेकतो त्यात, आणतो. टोरांटोकडे याला वीपिंग टाइल म्हणतात. जुन्या घरांत तो गाळाने बुजलेला असतो किंवा कधी घातलेलाच नसतो. बाहेरून भिंत उघडी करून नवं जलरोधक आवरण आणि नवा पाइप घालणं हा सर्वांत पक्का उपाय, पण अंगण, पायऱ्या, झाडं सगळं उखडावं लागतं. आतून फरशीच्या कडेने चर खणून पाइप घालणं स्वस्त पडतं. यातला फरक नीट समजून घ्या: आतला पाइप पाण्याला भिंतीपर्यंत येण्यापासून रोखत नाही, आलेल्या पाण्याला वाट देतो. भिंत ओलसरच राहते. ते मान्य करून पुढची रचना केली तर हा उपायही चांगला चालतो.

घरांच्या पायाला बाहेरून जो काळा डांबरी थर दिसतो त्यावर विसंबू नका. तो मातीतली ओल शोषली जाऊ नये म्हणून असतो. काँक्रीटला तडा गेला की तोही तडकतो आणि दाबाखालचं पाणी अडवणं त्याचं कामच नाही.

तड्यांच्या बाबतीत एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. ओतीव काँक्रीटमधला उभा, बारीक तडा बहुधा काँक्रीट सुकताना आकसल्याचा असतो. त्यात आतून पॉलीयुरेथेन (फुगणारं प्लास्टिकचं रसायन) इंजेक्ट केलं की ते तड्याच्या पूर्ण जाडीत फुगून बसतं. वरवर सिमेंट थापणं फार दिवस टिकत नाही. पण ब्लॉकच्या भिंतीत आडवा तडा असेल किंवा भिंत आत झुकल्यासारखी वाटत असेल, तर हा मातीच्या रेट्याचा प्रश्न आहे आणि इथे ओलीवाल्या कंपनीला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो काही विकत नसतो, म्हणून त्याचं मत मोलाचं.

सम्प पंप असेल तर बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का ते महिन्यातून एकदा बघा. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जोडून घ्या, कारण ज्या वादळात पंपाची सर्वांत जास्त गरज पडते त्याच वादळात वीज जाते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या शेपटाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस ओतला. त्या रात्री शहरात तळघरांतल्या खोल्यांमध्ये माणसं बुडून गेली. न्यू जर्सीतल्या कित्येक मराठी घरांनी त्या आठवड्यात भिजलेले गालिचे रस्त्याच्या कडेला आणून ठेवले. अशा पावसात सांडपाण्याच्या नळातून पाणी उलटं येतं, त्यासाठी उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवतात. आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर किंवा जमिनीतून आलेलं पाणी सहसा धरलेलं नसतं. सम्प तुंबणं, सांडपाणी उलटणं यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. बेसमेंटवर खर्च करण्याआधी पॉलिसी काढून वाचा.

आतली भिंत: प्लास्टिकचा घोळ

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. वर्षानुवर्षं बेसमेंट फिनिश करण्याची ठरलेली पद्धत अशी होती: काँक्रीटपुढे लाकडी चौकट, चौकटीत फायबरग्लासचा कापूस, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर ड्रायवॉल. पाहायला नीटनेटकं, करायला स्वस्त. आजही पुष्कळ कॉन्ट्रॅक्टर हेच करून देतात.

यात काय होतं ते बघा. हिवाळ्यात फायबरग्लासमुळे खोलीची ऊब काँक्रीटपर्यंत पोचत नाही, त्यामुळे भिंतीचा जमिनीवरचा भाग आधीपेक्षाही थंड होतो. खोलीतली हवा मात्र विजेच्या बॉक्समधून, प्लास्टिकच्या जोडांतून, फरशीजवळच्या फटीतून मागे पोचते, कारण फायबरग्लास हवा अडवत नाही. ती काँक्रीटला लागते आणि तिथे पाणी सोडते. उन्हाळ्यात उलटा खेळ: काँक्रीटमधली वाफ आत यायला बघते आणि गार प्लास्टिकच्या मागच्या बाजूला येऊन थबकते. दोन्ही ऋतूंत पाणी चौकटीच्या आत, आणि सुकायला वाट नाही.

ओळखीच्यांकडे अशी एक भिंत उघडताना मी जवळ होते. ड्रायवॉलची खोलीकडची बाजू स्वच्छ पांढरी, कुठेही डाग नाही. तक्रार फक्त वासाची होती. ड्रायवॉल काढल्यावर प्लास्टिकच्या मागे थेंब दाटीने लटकलेले दिसले. प्लास्टिक फाडलं तर फायबरग्लास पाण्याच्या वजनाने खाली घसरलेला, वर हातभर भिंत उघडी पडलेली, आणि कापसात काळ्या रेघा. सर्वांत खालच्या आडव्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो दाब न देता आत गेला. या भिंतीत बाहेरून पाणी आलेलं नव्हतंच. जे काही होतं ते वाफेचं आणि हवेचं.

बिल्डिंग सायन्सचा अभ्यास करणारे लोक आता जी रचना सुचवतात ती या बिघाडाच्या मुळावर घाव घालते: थंड काँक्रीट आणि खोलीतली हवा यांची गाठच पडू द्यायची नाही. त्यासाठी फोमच्या कडक शीट काँक्रीटला थेट चिकटवतात. पांढरा ईपीएस असो की गुलाबी-निळा एक्सपीएस, दोन्ही चालतात. मध्ये पोकळी ठेवायची नाही, फोम विरघळवणार नाही असा गोंद वापरायचा, सगळे जोड टेपने बंद करायचे, वर-खाली आणि कडांना स्प्रे फोमने हवाबंद करायचं. दोन इंच एक्सपीएस साधारण आर-१० देतो, तीन इंच आर-१५ (‘आर’ हे उष्णता अडवण्याचं माप; आकडा मोठा तितकी ऊब जास्त टिकते). अमेरिकेच्या नमुना ऊर्जा कोडमध्ये शिकागोसारख्या थंड विभागात सलग इन्सुलेशन आर-१५ मागितलेलं असतं. तुमच्या गावचा आकडा नगरपालिकेत विचारून घ्या. काँक्रीट खडबडीत किंवा जुन्या दगडी बांधणीचं असेल तर शीट सपाट बसत नाहीत, तिथे फवारून लावायचा, बंद छिद्रांचा क्लोज्ड-सेल स्प्रे फोम बरा.

फोमच्या पुढे लाकडी चौकट, हवं असेल तर त्यात रॉकवूल (दगडापासून केलेला लोकरीसारखा इन्सुलेशनचा थर), आणि वर ड्रायवॉल. प्लास्टिकचा कागद नाही. फोमला पाण्याने काही होत नाही, बुरशीला त्यात खायला काही नाही, आणि त्याची खोलीकडची बाजू उबदार असल्यामुळे तिथे घाम फुटत नाही. मात्र फोम पेटतो, म्हणून तो उघडा ठेवायचा नाही. अर्ध्या इंचाची ड्रायवॉल त्यावर हवीच. कॅनडात कोड व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारा थर, मागतो. पुरेशा जाडीचा फोम ते काम करतो असं कित्येक ठिकाणी मान्य होतं, पण इन्स्पेक्टरशी हे बोलणं काम सुरू होण्याआधी झालेलं बरं, नाहीतर तपासणीच्या दिवशी घाईघाईत प्लास्टिक चढवलं जातं.

आणि हे सगळं वाहत्या पाण्यावरचं औषध नाही. तड्यातून पाणी येतंय अशा भिंतीवर फोम लावला तर पाणी मागून फरशीवर उतरेल आणि चौकटीखाली येईल.

तीन गोष्टी या टप्प्यावर राहून जातात. भिंतीच्या माथ्यावर, जिथे वरच्या मजल्याच्या तुळयांची टोकं येतात, तिथल्या लाकडी पट्टीवर फोमचे तुकडे बसवून कडा बंद करायच्या. जानेवारीतलं गोठलेलं दव तिथलंच. चौकटीचं खालचं आडवं लाकूड प्रेशर-ट्रीटेड घ्यायचं आणि त्याच्या नि काँक्रीटच्या मध्ये फोमची पातळ पट्टी द्यायची. ड्रायवॉल फरशीला टेकवायची नाही, अर्धा इंच वर ठेवायची. स्कर्टिंगने ती फट झाकली जाते, पण कधी पाणी सांडलं तर ड्रायवॉलचा कागद ते शोषत नाही.

फरशीचं थोडक्यात. जुन्या घरांत काँक्रीटच्या फरशीखाली प्लास्टिकचा थर बहुतेक नसतो, त्यामुळे तीही वाफ सोडते. थेट काँक्रीटवर गालिचा टाकू नका. धूळ, गारवा आणि ओल एकत्र आली की दम्याच्या माणसाला त्या खोलीत राहणं अवघड होतं, आणि तिथे वयस्कर आई-बाबा राहणार आहेत. उंचवटे असलेली प्लास्टिकची शीट किंवा इंचभर फोम, त्यावर प्लायवुड, आणि वर व्हिनाइलच्या पट्ट्या हा जोड मला सगळ्यात निर्धोक वाटतो.

काम संपल्यावर आणि त्याआधीही

डीह्युमिडिफायर कायमचा धरा. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगते. २२ अंशांच्या हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू तापमान ११ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे १६ अंशांची भिंतही कोरडी राहते. यंत्र घेताना एक बाब तपासा: २०१९ पासून अमेरिकेत त्यांची क्षमता (दिवसाला किती पिंट पाणी ओढतात ते) जास्त थंड हवेत मोजतात, त्यामुळे पूर्वी ‘७० पिंट’ म्हणून विकलं जाणारं यंत्र आता ‘५० पिंट’ म्हणून विकलं जातं. जुना सल्ला वाचून ७० शोधत बसू नका. बादली रोज ओतायची वेळ येऊ नये म्हणून नळी फरशीतल्या निचऱ्यात किंवा सम्पमध्ये सोडा. आर्द्रता मोजणारी छोटी मीटर दोन घ्या; एक खोलीच्या मध्ये आणि दुसरं सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जमिनीजवळ. खरा आकडा दुसऱ्या मीटरचा.

रेडॉनची चाचणीही भिंत झाकण्याआधीच उरका. हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला वास नाही, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते दुसरं मोठं कारण मानलं जातं. अमेरिकेत लिटरमागे ४ पिकोक्युरी आणि कॅनडात घनमीटरला २०० बेक्वेरेल या पातळीच्या वर उपाय करायला सांगतात. फरशीतल्या ज्या फटींतून ओल येते त्यांतूनच तोही येतो, सम्पच्या उघड्या खड्ड्यातून तर सर्रास. खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवलं की दोन्ही कामं होतात. रेडॉन बाहेर काढणारा पाइप लागणार असेल तर तो ड्रायवॉलच्या आधी घालणं सोपं आणि स्वस्त.

ड्रायवॉल चढण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शक्यतो मोजपट्टी भिंतीला लावून, म्हणजे बुजवलेला तडा कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे ते दहा वर्षांनीही कळेल. पाण्याचा मुख्य कॉक, सम्प आणि सांडपाण्याचं तोंड यांच्यापुढे उघडता येणारी दारं ठेवायला सांगा. आणि पेन्सिलच्या त्या तारखांच्या रेघांचे फोटो वेगळे जपून ठेवा. घर विकताना ओलीबद्दल विचारणा होते तेव्हा ते दाखवता येतात.